अरेचा डावा डोळा

आमच्या कारखान्याच्या दारात एक पाटी आहे: ‘पाटावर बसलेला गणपती कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.’ पेणमध्ये गणपतीचे कारखाने पैशाला पासरी, तशा या पाट्याही. पण आमच्या पाटीतलं ‘कोणत्याही कारणास्तव’ लाल रंगात आहे आणि तो लाल रंग मी दिलाय. कॉलेज संपलं तशी मी गिऱ्हाइकांच्या बाजूला बसायला लागले. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला हसतमुखाने चहा पाजून रिकाम्या हाती परत पाठवायचं, हे माझं काम. सोंड आखूड वाटते, उंदीर रुसल्यासारखा दिसतो, फोटोत पितांबर पिवळं होतं आणि इथे केशरी आहे, शेजाऱ्यांचा गणपती जास्त हसतो. मी सगळं शांतपणे ऐकून घेते आणि मग पाटीकडे बोट दाखवते. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, असं आई म्हणते, आणि आई सहसा कुणाचं कौतुक करत नाही.

त्यामुळे रोह्याच्या कुत्रेवाल्याने फोनवर मला जेव्हा सांगितलं की, “ताई, पिल्लू एकदा दाराबाहेर गेलं की आपली जबाबदारी संपली,” तेव्हा आमची गिऱ्हाइकं घरी जाऊन माझ्याबद्दल काय बोलत असतील ते मला पहिल्यांदा कळलं. इतका राग आला की मी फोन ठेवून त्या पाटीलाच शिव्या दिल्या.

पण आधी पिल्लाबद्दल सांगायला हवं, आणि त्याच्याही आधी बाबांबद्दल.

बाबा आखणी करायचे. मूर्तीचं सगळं रंगकाम झालं की शेवटी बारीक कुंचल्याने डोळे काढायचे, त्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. डोळे झाले की मूर्ती आपल्याकडे बघायला लागते, आणि मग तिच्यासमोर शिवीगाळ करायची नाही असा कारखान्याचा नियम आहे. आई पितांबरं रंगवते, तिचा तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असतो, त्यामुळे बाबांनी एक डोळा काढला की ती लगेच पदर सावरून गप्प बसायची. “अर्धंच बघतोय अजून, बोल काय ते,” असं बाबा तिला म्हणायचे.

मग बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ते कुणाला बोलले नाहीत. एका वर्षी एक गिऱ्हाईक मूर्ती घ्यायला आलं आणि म्हणालं, “एक डोळा माझ्याकडे बघतोय, दुसरा छपराकडे.” मी नेहमीसारखी पाटीकडे बोट दाखवायला वळले, तर बाबांनी तोवर मूर्ती उचलून आत नेली होती. त्या दिवशी त्यांनी कुंचला धुतला, पुसला आणि फळीवर ठेवून दिला. पुढे दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता अगदी लख्ख दिसतं. आखणीला मात्र तोवर माझा मामेभाऊ बसायला लागला होता, आणि बाबांनी कुंचल्याला हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “डॉक्टर म्हणतो दिसतं. मला बरोबर दिसतं हे मला कसं कळनार?”  

पिल्लू आणायची कल्पना माझी. माणूस दिवसभर रिकामा बसून पेण नगरपालिकेवर टीका करायला लागला की घरात काहीतरी आणावं लागतं. रोह्याला एक जण घरामागे बीगल जातीची कुत्री पाळून पिल्लं विकतो असं कळलं होतं. बाबांनी आधी नाही म्हटलं, मग कशाला म्हटलं, आणि तिसऱ्या दिवशी टोपी घालून तयार झाले.

तिथे बाबांनी जे केलं ते पाहण्यासारखं होतं. कुत्रेवाल्याने पिल्लं अंगणात सोडली. आई आणि मी लगेच “अगं बाई” करत खाली बसलो. बाबांनी मात्र एकेक पिल्लू उचललं, उजेडाकडे तोंड केलं, माझा मोबाइल मागून घेतला आणि त्याच्या उजेडात डोळे तपासले. आधी डावा, मग उजवा, मग जरा लांब धरून दोन्ही. माल बाहेर पडण्याआधी ते शेवटची नजर टाकायचे तशीच. कुत्रेवाला हसत म्हणाला, “बाबा, कुत्रा घेताय का सोनं?” बाबांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. एका पिल्लावर थांबले. म्हणाले, “हा. याची नजर सरळ हाय.” कितीतरी महिन्यांनी बाबा एखाद्या डोळ्याबद्दल एवढ्या खात्रीने बोलले होते. आईने माझ्या हाताला चिमटा काढला. मला इतका आनंद झाला की मी पिल्लाऐवजी बाबांचाच मुका घेतला असता.

पिल्लाला नाव ठेवायचं राहूनच गेलं. मी सुचवलेली नावं बाबांना शहरी वाटली आणि बाबांनी सुचवलेली आईला तिच्या माहेरच्या माणसांची वाटली. तोवर ते पिल्लू रंगाच्या डब्यात पाय घालत होतं, मूर्तींच्या वाळत घातलेल्या हातांवरून उड्या मारत होतं, आणि अख्खा कारखाना दिवसभर ओरडत होता, अरे, अरे, अरे. आठवड्याभरात त्याने ठरवून टाकलं की आपलं नाव अरे. कुणी कुणालाही अरे म्हटलं की हा कान हलवत हजर. मामेभावाला हाक मारायची सोय राहिली नाही. फोनवर गिऱ्हाइकाला “अहो” म्हटलं की हा झोपून राहायचा, त्यावरून पलीकडचा माणूस ओळखीचा आहे की नवा हे घरात सगळ्यांना कळायचं.

आणि एका सकाळी अरेच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक लाल गोळी आली. डाळिंबाचा दाणा चिकटवावा तशी, आतून बाहेर आलेली. आईने किंचाळून हातातला पितांबराचा ब्रश टाकला. अरे मात्र मजेत होता, त्याने तो ब्रश पळवला.

पेणच्या जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. दिवसभर म्हशी-शेळ्या बघून कंटाळलेल्या बाईंनी कुत्रं पाहून हात पुसले आणि म्हणाल्या, “याला चेरी आय म्हणतात. डोळ्याची एक ग्रंथी असते, ती जागेवरून निसटून वर येते. कापून टाकायची नाही, नाहीतर पुढे डोळा कोरडा पडतो. शिवून आत बसवावी लागते, पनवेलला करतात.” मग चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, “या जातीत आईबापांकडूनच येतं हे. विकणाऱ्याला विचारा की.”

एका वाक्यातून तीन माणसांनी तीन गोष्टी ऐकल्या. आईने ऐकलं, आपल्याला फसवलं. मी ऐकलं, आता मी एखाद्याला बघून घेणार. बाबांनी ऐकलं की डोळा पहिल्यापासूनच खराब होता, त्यांनी बॅटरी मारून पाहिला आणि त्यांना दिसला नाही. परतताना रिक्षात ते अरेला मांडीवर घेऊन बसले. घरी आल्यावर त्यांनी फळीवरचा कुंचला उचलून आतल्या खोलीत खोक्यात टाकला, तो मी पाहिला. त्या क्षणापासून माझं त्या कुत्रेवाल्याशी खरं भांडण सुरू झालं.

मी त्याला डोळ्याचा फोटो पाठवला. त्याने जोडलेले हात पाठवले. मी डॉक्टरांची चिठ्ठी पाठवली. त्याने फुलं पाठवली. मग मी फोन केला तेव्हा दाराबाहेर गेलेल्या पिल्लाचं ते भाषण झालं.

“दादा, हे आईबापांकडून आलंय. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“ताई, तुमचा कारखाना हाय. पावडर, रंग, घासकाम. कुत्र्याचा डोळा हाय तो, काच नाय.”

“धुळीने गोळी बाहेर येत नाही.”

“आणि मी म्हनतो, जन्माचं असतं तर तुमच्या बाबांना दिसलं नसतं का? एवढी बॅटरी मारून बघितली सगळी पिल्लं. असला गिऱ्हाईक मी बघितला नाय कवा.”

फोन स्पीकरवर होता. बाबा बाजूलाच बसले होते. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मी भडकले, कारण तो माणूस नेमकं माझ्यासारखं भांडत होता. गिऱ्हाइकाचंच बोट त्याच्या डोळ्यात घालायचं, हे तर माझं तंत्र. शेवटी आईने फोन हिसकावून घेतला आणि जे काही बोलली त्याने तो जरा वरमला. म्हणाला, “काकी, एवढंच हाय तर घेऊन या. दुसरी पिल्लं झालीत, बदलून देतो.”

“बदलून घेऊ,” आई म्हणाली. “आणि या वेळी मी बघनार डोळे.” हे बोलायला नको होतं, आणि तिला लगेच कळलंही, पण तोंडातून गेलं ते गेलं.

आम्ही आमच्या छोट्या हत्तीतून निघालो. छोटा हत्ती म्हणजे टेम्पो, त्यातूनच आमचे गणपती गावोगाव जातात. मी चालवत होते, आई बाजूला होती. बाबा म्हणाले, मी मागे त्याच्याजवळ बसतो. मूर्ती भरायच्या खोक्यात पेंढा घालून अरेला बसवलं होतं, आणि वारा लागू नये, डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून बाबांनी त्याच्या तोंडावरून रुमाल टाकला होता, गणपतीच्या तोंडावर टाकतात तसा. खोक्यावर आमच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘जपून. वरची बाजू वर.’

वाटेत गडब गावात चहाला थांबलो. चहाच्या टपरीवरची म्हातारी टेम्पोपाशी आली, मागे टोपी घालून बसलेले बाबा पाहिले, त्यांच्या मांडीशी खोक्यात रुमालाखालचं काहीतरी पाहिलं आणि चपला काढून हात जोडले.

“शिमगा नाय झाला अजून, नि बाप्पा निघाला कुठं?” तिने आईला विचारलं.

तेवढ्यात रुमाल हलला.

“हालतोय गो हा,” म्हातारी म्हणाली. आवाजात भीती नव्हती, कौतुक होतं.

“कुत्रा हाय तो,” आई म्हणाली.

म्हातारीने जरा विचार केला. हात जोडलेलेच होते. “असूं दे,” म्हणाली आणि नमस्कार पुरा करून चपला घातल्या. बाबांच्या तोंडावर त्या दिवसातलं पहिलं हसू तिथे आलं. हसता हसता माझ्या नाकात चहा गेला. पुढे नागोठण्यापर्यंत आई मला सांगत होती की आपण भांडायला चाललोय, चेहरा नीट कर.

रोह्याला पोहोचलो तेव्हा कुत्रेवाला नुकताच कंपनीतून पहिली शिफ्ट करून आला होता, अर्ध्या चड्डीत, हातात ताट घेऊन. दणकट माणूस, पण ताटात वरणभात असला की कुणाचाही दरारा अर्धा होतो. त्याची बायको कुत्र्यांच्या जाळीपाशी पाणी भरत होती. मी ठरवून आले होते की आवाज चढवायचा नाही. “दादा, नमस्कार,” म्हटलं, “आधी जेवून घ्या.”

“जेवताना बोलतो मी, बोला.”

“याच्या डोळ्यातलं हे जन्माचं आहे. तुम्ही ते मान्य करा, बस्स.”

“अरे, कसं मान्य करू?” तो म्हणाला, आणि आमचा अरे खोक्यातून उडी मारून त्याच्या पायाशी गेला.

“अरे म्हणजे काय?” मी म्हणाले. अरे माझ्याकडे आला.

“अरे पण ताई, धूळ...”

तो परत तिकडे गेला.

“अरे धूळ धूळ काय लावलंय?” आई म्हणाली. अरे आईकडे. मग पाचएक मिनिटं आम्ही तिघं असे भांडलो की ते पिल्लू अंगणात येरझाऱ्या घालून धापा टाकायला लागलं. शेवटी कुत्रेवाल्यानेच ताट खाली ठेवलं. “याचं नाव काय ठेवलंय?” त्याने विचारलं.

“अरे,” मी म्हणाले.

“अरे?” तो म्हणाला, आणि पिल्लू पुन्हा त्याच्याकडे गेलं. त्याने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही दोघांनीही हसू दाबलं. त्यानंतर भांडण अहोवर आलं. अरे ओट्यावर जाऊन आडवा झाला.

“अहो ताई,” तो जपून म्हणाला, “मी देवाशपथ सांगतो, दिला तेव्हा डोळा साफ होता. विचारा बाबांना. बाबा, तुम्ही सांगा. साफ होता का नाय?”

आता इथे बाबांनी काय बोलायला हवं होतं? आम्ही तक्रार घेऊन आलो होतो. डोळा आधीच खराब होता, तेवढं म्हटलं की खटला आमचा. आई बाबांना डोळ्यांनी खुणा करत होती. बाबा टेम्पोच्या फळीवर बसले होते, टोपी हातात घेऊन. ते खाली उतरले.

“साफ होता,” बाबा म्हणाले.

“अहो,” आई म्हणाली, “तुम्ही कुणाकडून आलाय?”

“मी बघितला होता गो. डावा आधी बघितला. कोपरा बघितला. काय नव्हतं.” त्यांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली. “नायतर मग मला दिसत नाय असं म्हना.”

  मी त्या माणसाला हरवायला आले होते, आणि मी जिंकले असते तर बाबा हरले असते. एवढी साधी गोष्ट पेण ते रोहा सगळा रस्ता मला सुचली नव्हती.

तेवढ्यात कुत्रेवाल्याची बायको बादली ठेवून पुढे आली आणि नवऱ्याला म्हणाली, “सांगा की आता. याच्या आयेला पन झालं होतं.”

“तू गप गो.”

“का गप? पयल्या साली झालं होतं. आपनच नाय का शिवून आनलं पनवेलवरनं?”

कुत्रेवाला वरणभाताकडे बघायला लागला. मला खरं तर आता टाळी वाजवायची होती. मी वाट बघत होते तो कबुलीजबाब समोर आला होता, तोही घरच्या साक्षीदाराकडून. त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, “झालं होतं. मग असेल तसंच. चूक आपली. घ्या बदलून.”

“असेल कसं?” बाबा म्हणाले.

“म्हंजे?”

“असेल कसं? नव्हतं, मी सांगतोय ना. तुम्ही आत्ता म्हनत होता साफ होता, मग आता पलटी कशाला मारता?”

“अहो बाबा, मी तुमचंच मान्य करतोय.”

“माझं कुठं मान्य करताय? माझं म्हननं साफ होता.”

आणि मग काय सांगावं, कुत्रेवाला शपथेवर सांगायला लागला की डोळा पहिल्यापासून वाईट असणार, आणि बाबा त्याला ठणकावून सांगायला लागले की त्याचा माल एक नंबर होता. आई ओट्यावर जाऊन अरेशेजारी बसली. तिने कपाळाला हात लावला. मी कारखान्यात अनेक भांडणं केलीत, पण दोन्ही बाजू आपापला वकील बदलून बसल्या असं पहिल्यांदाच पाहत होते.

बायकोनेच पुन्हा तोडगा काढला. जाळी उघडून तिने अरेची आई बाहेर आणली आणि बाबांसमोर उभी केली. “बघा बाबा,” म्हणाली, “कुठला डोळा शिवलाय तो सांगा. आम्हाला सुदा आता नाय कळत.”

ती हे सहज म्हणाली की मुद्दाम, मला माहीत नाही. बाबा वाकले. मी मोबाइल पुढे केला, त्यांनी तो बाजूला सारला. दोन्ही हातांत कुत्रीचं तोंड धरून त्यांनी ते उन्हाकडे केलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते, मला दोन सारखे तपकिरी डोळे दिसत होते, बाकी काही नाही. आईने मघापासून पदर तोंडात धरला होता.

“उजवा,” बाबा म्हणाले. “कोपऱ्यात बारीक घडी हाय. ओढून बसवलंय तिथं.”

“उजवाच,” बायको म्हणाली. मग त्यांना समजावत म्हणाली, “देताना काय सुदा नसतं बाबा. आतून सैल असतं ते, वर येतं नंतर. कुनाला नाय दिसत.”

बाबा उभे राहिले.  मग मला म्हणाले, “तड्यासारखं.” ते कशाबद्दल बोलतात ते मला कळलं. कधी कधी शाडूची मूर्ती साच्यातून निघते तेव्हा गुळगुळीत असते, हात फिरवला तरी काही लागत नाही, आणि वाळता वाळता तिला तडा जातो. तो आतच असतो. त्यासाठी आमच्याकडे कुणी कुणाच्या डोळ्यांना बोल लावत नाही, तडा बुजवतात आणि पुढे जातात.

कुत्रेवाल्याने तोवर जाळीतून दोन गुबगुबीत पिल्लं आणली होती. “घ्या बाबा. निवडा.”

बाबांनी अरेला ओट्यावरून उचललं. “बदलून मागितला कुनी?” ते म्हणाले.

आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. पेणपासून इथवर आम्ही दुसरं काहीच मागायला आलो नव्हतो. पण बाबांनी हे इतक्या तोऱ्यात विचारलं की आम्ही दोघींनीही नकारार्थी मान हलवली. छे, कुणी मागितला?

कुत्रेवाला मोठ्याने हसला. म्हणाला, ऑपरेशनला मी स्वतः घेऊन जातो पनवेलला, त्याच डॉक्टरांकडे, माझ्या घरचं दुखणं आहे ते. मग चहा झाला. चहा पिताना तो म्हणाला, “बाबा, आमचा गनपती पेनचाच असतो. एवढी नजर हाय तुमची, तर यंदा डोळे तुम्ही काढायचे. दुसऱ्या कुनी काढलेला मी नेनार नाय.”

बाबांनी बशी खाली ठेवली. 

“आधी मूर्ती पसंत करा,” बाबा म्हणाले. “मग डोळ्यांचं बघू.”

ऑपरेशन नीट झालं. डोळा खाजवू नये म्हणून अरेच्या गळ्यात प्लॅस्टिकचं नरसाळं बांधलं होतं, ते घेऊन तो कारखान्यात फिरायचा आणि रांगेतल्या प्रत्येक उंदराला धडकायचा. आमच्याकडे त्या साली कान तुटलेल्या उंदरांची इतकी दुरुस्ती निघाली की मामेभाऊ आखणी सोडून तेच करत बसला. निदान बाबांना त्याने तसं सांगितलं.

श्रावणात एका दुपारी बाबांनी खोक्यातून कुंचला काढला. रोह्याची मूर्ती पुढ्यात घेतली आणि सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आम्ही बाहेर गेलो म्हणजे खिडकीपाशी उभ्या राहिलो. अरे टेबलाखाली होता, त्याला कुणी बाहेर म्हटलं नव्हतं. बाबांनी एक डोळा काढला. मग कुंचला वर धरून तसेच बसले. पहिला डोळा कुणीही काढेल, दुसरा त्याच्यासारखा आला पाहिजे. आईने माझा दंड इतका घट्ट धरला होता की तिची बोटं उमटली. मग बाबा वाकले, आणि त्यांची पाठ हलेनाशी झाली. सरळ झाले तेव्हा मूर्ती आमच्याकडे बघत होती. मी रडले, सांगायला लाज कसली. आई नियमाप्रमाणे गप्प होती.

चतुर्थीच्या आधी कुत्रेवाला पाट घेऊन आला. आत आल्या आल्या त्याने खिशातून मोबाइल काढला, बॅटरी लावली आणि मूर्तीचे डोळे तपासायला लागला. आधी डावा, मग उजवा, मग लांब होऊन दोन्ही. बाबा हाताची घडी घालून उभे होते. मी सवयीने पाटीच्या दिशेला सरकले.

“डावा जरा मोठा वाटतो,” तो म्हणाला.

मी पाहिलं. होता. केसाएवढा, पण होता. बाबांनीही पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना ते आधीपासून माहीत होतं. त्यांचा चेहरा उतरायला लागला. मी तोंड उघडलं. कोणत्याही कारणास्तव, असं म्हणायला गेले आणि तोंड मिटलं. पाटीकडे बोटही उचललं नाही.

“ठेवा इथं,” बाबा हळूच म्हणाले. “दुसरा देतो.”

कुत्रेवाल्याने बॅटरी बंद केली. मूर्ती उचलून पाटावर बसवली.

“बदलून मागितला कुनी?” तो म्हणाला.

बाबांनी खिशातून स्वच्छ रुमाल काढला, मूर्तीच्या तोंडावर टाकला आणि कोपरे नीट खोचले. तो पाट घेऊन दाराकडे निघाला तेव्हा बाबा त्याच्यामागे दोन पावलं गेले.

“अरे, जपून ने,” ते म्हणाले, आणि टेबलाखालून कुत्रा उठून आला.